मु. पो. सेनगाव : निवृत्त फुटबॉलपटूंच्या सह्यांची कार्डं

नेव्हिल डिसूझाने १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. गोव्याचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेला हा माणूस युरोपात जन्मला असता, तर त्याच्या सहीच्या कार्डांसाठी आज लिलाव लागले असते. आपल्याकडे फुटबॉलपटूंची कार्डं छापून पाकिटांतून विकण्याचा धंदा त्या काळी उभाच राहिला नाही. १९८० साली नेव्हिल गेला.

म्हणून सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी बसून कोणाला निवृत्त फुटबॉलपटूंच्या सह्या जमवायच्या असतील, तर पहिला प्रश्न सही कशी मिळवायची हा नाही. सही घ्यायची कशावर, हा आहे.

सेनगाव आणि फुटबॉल ही जोडी कोणाला ओढूनताणून लावल्यासारखी वाटेल. हिंगोली जिल्ह्यात मैदान म्हटलं की कबड्डी, कुस्ती आणि टेनिस बॉलचं क्रिकेट, हे खरंच आहे. पण १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरायचा होता, त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' राबवलं. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा हे उद्दिष्ट, आणि त्यासाठी शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. त्या दिवशी चेंडूला पहिली लाथ मारणारी मुलं आज कॉलेजात आहेत आणि रात्री जागून मोबाइलवर प्रीमियर लीग पाहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला हा छंद लागला तर नवल नाही. लागलाच, तर तो कसा चालतो ते नीट समजून घ्यावं.

जगात कार्डांची दोन मोठी घराणी आहेत. एक इटलीतल्या मोदेना शहरातली पानिनी, १९६१ मध्ये सुरू झालेली. तिने १९७० च्या मेक्सिको विश्वचषकाचा स्टिकर-अल्बम काढला आणि तेव्हापासून विश्वचषक आणि पानिनी हे समीकरणच झालं. दुसरी अमेरिकेतली टॉप्स. तिची 'मॅच अटॅक्स' कार्डं आपल्याकडच्या शहरांतल्या खेळण्यांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांतही आली. स्टिकर पातळ असतो, मागून गोंद असतो, त्यावर सही घेणं जिकिरीचं. कार्ड जाड असतं, अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढं. सह्यांचा संग्रह मुख्यतः या कार्डांवर होतो.

सही असलेलं कार्ड दोन वाटांनी हाती येतं. पहिली वाट पाकिटाची. कंपनी निवृत्त खेळाडूशी करार करते, त्याच्याकडून ठरावीक संख्येने सह्या करून घेते आणि ती कार्डं महागड्या पाकिटांत मिसळून विकते. कधी खेळाडू थेट कार्डावरच सही करतो. कधी त्याच्याकडे पारदर्शक स्टिकरांचे कागद पाठवतात आणि सही केलेले स्टिकर नंतर कार्डांवर चिकटवतात. संग्राहक अर्थातच थेट सहीला जास्त मानतात. कार्डावर ७/२५ असं काही छापलेलं असेल, तर अशी पंचवीसच कार्डं निघाली आणि हे त्यातलं सातवं, असा त्याचा अर्थ. मागच्या बाजूला सही अस्सल असल्याची कंपनीची हमी असते. कधी पाकिटात सही नसतेच, खेळाडूने सही केली की पाठवू असं वचन देणारं 'रिडेम्प्शन' कार्ड असतं. त्याला मुदत असते, आणि मुदत उलटलेली अशी कार्डं बाजारात बेधडक विकली जातात. घेताना तारीख पाहावी.

या वाटेची किंमत सेनगावच्या खिशाला परवडणारी नाही, शिवाय परदेशातून मागवलं तर त्यावर सीमाशुल्क. त्याहून मोठी अडचण अशी की आपल्या जुन्या खेळाडूंना त्या पाकिटांत जागा नाही. तिथे ब्राझीलचा झिको मिळेल. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर शोधून सापडणार नाहीत.

दुसरी वाट पोस्टाची. माझ्या मते खरा छंद हाच.

ही वाट निवृत्त खेळाडूंपाशी जास्त फळते, त्याला कारणं आहेत. खेळत्या खेळाडूची डाक क्लबच्या कार्यालयात साचते, आणि उत्तर आलंच तर अनेकदा छापील सहीचा फोटो येतो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, पत्रं थोडी येतात, आणि आपला एखादा सामना कोणाला आठवतो याचं अप्रूप असतं. जुन्या पिढीची सही वाचताही येते. आजचे खेळाडू दिवसाला शेकडो सह्या करतात, त्यामुळे पूर्ण नावाची एक लाट आणि एक शेपूट उरते.

आता कार्ड. परदेशी खेळाडू असेल तर त्याचं साधं, बिनसहीचं जुनं कार्ड विकत घ्यावं, अशी कार्डं स्वस्त असतात. भारतीय खेळाडूचं कार्ड स्वतः करावं लागतं आणि त्यात काही कमीपणा नाही, जगभर संग्राहक हेच करतात. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याकडे तीनशे जीएसएमचा जाड कागद असतोच. फोटो, खेळाडूचं नाव, संघ आणि वर्षं एवढाच मजकूर पुरे. मागे त्याची कारकीर्द चार ओळींत. सहीसाठी फोटोतली फिकट जागा मोकळी ठेवावी. काळ्या जर्सीवर काळी सही घेऊन ठेवणाऱ्यांचे संग्रह मी पाहिले आहेत, सही आहे हे मालकालाच सांगावं लागतं. आणि लॅमिनेशन करायचं नाही. लॅमिनेशनवर शाई वर्षभरात पुसट होते, कधी बोटाने निघून येते. कागद मॅट असावा. हे कार्ड आपल्या संग्रहापुरतं. दुसऱ्याचा फोटो छापून विकायला बसलात तर तो वेगळा विषय आणि वेगळी भानगड.

कार्डाऐवजी आणखी एक सुंदर वस्तू आहे, ती पोस्टाच्याच घरची: प्रथम दिवस आवरण, म्हणजे नवं तिकीट लावून ते निघालं त्या दिवसाचा शिक्का मारलेलं पाकीट. टपाल खात्याने १९९८ मध्ये जुने फुटबॉलपटू गोष्ठ पाल यांच्यावर तिकीट काढलं, २०१४ च्या विश्वचषकानिमित्त फुटबॉलची तिकिटं काढली. अशा आवरणावर निवृत्त खेळाडूची सही घेतली तर तिकीट, शिक्का, तारीख आणि सही एकाच कागदावर येतात. तिकीटवाले आणि फुटबॉलवाले दोघेही त्यावर नजर ठेवून असतात.

चकचकीत कारखानी कार्डावर शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन फुटते. यावर संग्राहकांचा जुना उपाय आहे. सहीच्या जागेवर चिमूटभर टाल्कम पावडर टाकून मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायचं, किंवा मऊ पांढरा खोडरबर फिरवायचा. वरचा तेलकट थर जातो आणि शाई बसते. आधी फालतू कार्डावर करून पाहावं. पेन म्हणाल तर बारीक टोकाचा, न पुसला जाणारा मार्कर, शक्यतो निळा. काळ्या छपाईवर निळी शाई वेगळी उठून दिसते आणि सही छापलेली नाही हे नुसत्या डोळ्याला कळतं. गडद कार्डाला चांदीरंगी मार्कर. बॉलपेन नको, तो कार्डावर चर पाडतो. जेलपेन तर मुळीच नको.

पत्ता कुठला लिहायचा? कोणाच्या घरचा पत्ता इकडून तिकडून काढून त्यावर पत्र टाकणं मला गैर वाटतं. त्याची गरजही नसते. आपल्याकडचा फुटबॉल बराचसा कंपन्या, बँका, रेल्वे आणि क्लबांच्या आधाराने वाढला. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, महिंद्र, गोव्यात साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स. खेळाडू निवृत्त झाला तरी त्याचा धागा कुठल्या ना कुठल्या संस्थेशी राहतो: राज्य संघटना, जुना क्लब, तो शिकवत असलेली अकादमी. मुंबईकडच्या खेळाडूसाठी कूपरेजवरची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, गोव्यातल्या खेळाडूसाठी गोवा फुटबॉल असोसिएशन. 'यांच्यामार्फत' असं लिहून पत्र पाठवावं. वेळ लागेल, काही पत्रं टेबलाच्या खणात मुक्काम करतील, पण दाराशी जाऊन घंटा वाजवल्याचा दोष लागणार नाही.

पत्र हाताने लिहावं आणि एका पानात संपवावं. गोव्याकडच्या खेळाडूला मराठीत लिहिलं तरी चालतं, बंगाल-केरळकडे इंग्रजीत लिहावं. आपण कोण, कुठले, त्यांच्या खेळातली नेमकी कोणती गोष्ट आपल्याला माहीत आहे, आणि काय हवं आहे, इतकंच. साधारण असं:

"आदरणीय सर, मी सेनगाव, जि. हिंगोली इथे बारावीत शिकतो. तुम्ही खेळत होता तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण तुमच्या संघाबद्दल मी मिळेल ते वाचलं आहे. सोबत दोन कार्डं आहेत. एकावर माझ्या नावासह सही करून परत पाठवावी ही विनंती. दुसरं तुमच्यासाठी आहे. तब्येतीमुळे किंवा कामामुळे जमलं नाही, तरी मला वाईट वाटणार नाही."

दुसरं कार्ड त्यांच्यासाठी, ही ओळ फार काम करते. ज्यांचं कधी कार्डच निघालं नाही अशा माणसाला स्वतःचं कार्ड पहिल्यांदा दिसतं, तेव्हा काय वाटत असेल याची कल्पना करा. आणि आठ-दहा कार्डं एकदम पाठवू नयेत. तो माणूस मूर्ख नसतो, विक्रीचा माल त्याला ओळखता येतो.

नावासह सही मागावी की नुसती, यावर संग्राहकांत कायमची भांडणं आहेत. नाव घातलं की बाजारभाव उतरतो, कारण 'सेनगावच्या संतोषला' असं लिहिलेलं कार्ड दुसरा संतोषच घेणार. मी तरीही नावाच्या बाजूचा आहे. नाव, गाव आणि तारीख असलेल्या सहीवर संशय घ्यायला फार कमी जागा उरते.

पाकिटाचं तंत्र सोपं आहे, पण तिथेच जास्त कार्डं वाया जातात. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं जबाबी पाकीट आत घालायचं. कार्ड पातळ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, त्याच्या मागेपुढे पुठ्ठ्याचे दोन तुकडे. टेप कार्डाला लावू नये, पुठ्ठ्याला लावावी, आणि तिचं टोक दुमडून ठेवावं म्हणजे म्हाताऱ्या बोटांना सोडवता येतं. कार्ड पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात यावं. तिकिटं वर उजवीकडे असतात, त्यांच्यावर तारखेचा शिक्का हाताने आणि जोरात पडतो, त्याच्या खाली कार्ड असलं की वळ उमटतो. साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये लागतात, पण पुठ्ठ्यासह पाकीट २० ग्रॅमच्या वर सहज जातं. खिडकीवर वजन करून घ्यावं आणि जबाबी पाकिटावरही तेवढीच तिकिटं लावावीत, नाहीतर खेळाडूचं उपकारपत्र आपल्या दाराशी दंडासकट येतं. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, त्यामुळे किमती आवरण असेल तर स्पीड पोस्टच.

पिनकोड सुवाच्य लिहावा, दोन्ही पाकिटांवर. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची व्यवस्था श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने बसवली. ते संस्कृतचे कवीही होते. सेनगावात रेल्वे नसली तरी कोलकात्याहून निघालेलं पत्र बरोबर सेनगावच्या टपाल कार्यालयात उतरतं, त्यात या गृहस्थांचा वाटा आहे.

परदेशी पत्राची गोष्ट वेगळी. आपली तिकिटं तिकडून परत येताना चालत नाहीत. पूर्वी यासाठी आंतरराष्ट्रीय जबाबी कुपन असे. १९०६ च्या रोम इथल्या जागतिक टपाल परिषदेत ठरलेली ती सोय अनेक देशांनी विकणं बंद केली आहे. मग उरतं त्या त्या देशाचं तिकीट मिळवणं. ब्रिटनची रोजच्या वापराची तिकिटं घ्याल तर बारकोड असलेलीच घ्या. बारकोड नसलेली राणीच्या चेहऱ्याची नेहमीची तिकिटं तिथे २०२३ पासून चालत नाहीत. जर्मनीत मात्र एक रम्य प्रथा आहे. तिथले क्लब दर हंगामात खेळाडूंची खास सहीसाठीची, पोस्टकार्डाएवढी कार्डं छापतात आणि चाहत्यांना वाटतात. जुनी, बिनसहीची अशी कार्डं मिळाली तर निवृत्त जर्मन खेळाडूला तीच पाठवावीत.

समोरासमोर सही घेण्याची संधी मराठवाड्यात बसून येत नाही, त्यासाठी निघावं लागतं. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामांनी ती थोडी जवळ आणली होती. २०१४ मध्ये डेव्हिड ट्रेझेगे पुण्याच्या बालेवाडीत खेळला, निकोला अनेल्का मुंबईकडून, रॉबर्ट पिरेस गोव्याकडून. २०१६ मध्ये दिएगो फोर्लान मुंबईत होता. झिको तर २०१४ ते २०१६ गोव्याचा प्रशिक्षक होता. ज्यांच्या घरी १९८२ च्या विश्वचषकाचं त्याचं काही जपून ठेवलेलं होतं, त्यांच्यासाठी मडगाव म्हणजे तीर्थक्षेत्र झालं असणार. ते दिवस आता गेले. पण कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार यांचे सामने रंगतात तेव्हा जुने खेळाडू प्रेक्षकांतच बसलेले असतात. त्यांच्या सह्या कोणी मागत नाही. मागाव्यात. महाराष्ट्रात तालमीतून फुटबॉल वाढलेलं असं दुसरं गाव नाही, आणि त्याची कार्डं करायला कोणीतरी बसलंच पाहिजे.

सही आली की ती खरी का, हा प्रश्न. विकत घेतलेली असेल तर हा प्रश्न पहिला. अमेरिकेत एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाच्या तपासात १९९० च्या दशकाच्या अखेरीस खोट्या सह्यांचं मोठं जाळं उघडं पाडलं. तिथे सह्यांसोबत प्रमाणपत्रंही खोटीच होती. त्यातून घ्यायचा धडा इतकाच की प्रमाणपत्र हा कागद आहे आणि कागद कोणीही छापतो.

घरी करता येण्यासारखी तपासणी भिंगाने होते. दहापट मोठं दिसणारं भिंग पुरे. सही छापील असेल तर रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, कार्डावरच्या फोटोसारखीच. खरी शाई छपाईच्या वर बसलेली असते, कार्ड तिरपं धरलं की तिची चकाकी वेगळी दिसते. जिथे एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई गडद होते. हात वेगात असतो, म्हणून रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होत जातात. यंत्राने केलेल्या सहीत वेग सगळीकडे सारखा, रेघ सारख्याच जाडीची आणि टोकाला ठिपका. दोन कार्डांवरच्या सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नका. माणूस एकच सही दोनदा तशीच करत नाही. नक्कल करणाऱ्याची रेघ संथ आणि थरथरती असते. पण इथे सांभाळून बोलावं, कारण ऐंशीच्या पुढच्या खेळाडूची खरी सहीही थरथरते. म्हणून तुलना करायची ती त्याच काळातल्या सहीशी, तिशीतल्या सहीशी नाही.

पीएसए, जेएसए, बेकेट या अमेरिकी संस्था पैसे घेऊन सह्या तपासतात. पेलेच्या सहीसाठी त्यांच्याकडे जावं. शंखवाळकरांच्या किंवा गोव्याच्याच ब्रुनो कुतिन्होंच्या सहीसाठी तिकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही, जाण्यायेण्याचा खर्च आणि कार्डाची किंमत यांचा मेळच बसत नाही.

अशा सहीचा पुरावा तुम्ही स्वतः तयार करता. पत्र पाठवण्याआधी त्याचा आणि कोऱ्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. आलेलं जबाबी पाकीट कापून फेकू नका, त्यावरचा शिक्का कुठल्या गावातून, कोणत्या तारखेला ते निघालं हे सांगतो. सोबत चिठ्ठी आली असेल तर ती सोन्याची. एका वहीत खेळाडूचं नाव, पाठवल्याची तारीख, आल्याची तारीख, कुठल्या संस्थेमार्फत, कोणता पेन, एवढं लिहा. वीस वर्षांनी हे कार्ड दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा ही वही सोबत गेली तर ती सही, नाहीतर शाईची रेघ.

जपणुकीत मराठवाड्याचं हवामान दोन बाजूंनी मारतं. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली भाजून निघते, पावसाळ्यात दमट होते, आणि कसर व वाळवी वर्षभर हजर. स्लीव्ह आणि त्यावर कडक प्लास्टिकचा टॉपलोडर यांत कार्ड ठेवावं. बाजारात मिळणाऱ्या वास येणाऱ्या मऊ पीव्हीसी फाइल टाळाव्यात, त्या शाई ओढून घेतात. डबा आतल्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात, मधल्या फळीवर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबराच्या गोळ्या कार्डांना लागून नकोत. भिंतीवर फ्रेम लावायची हौस असेल तर प्रत लावावी. उन्हाने निळी मार्करची सही काही वर्षांत जांभळट आणि मग नाहीशी होते.

पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. भारतीय निवृत्त फुटबॉलपटूंच्या सह्यांना आज फारसा बाजार नाही. गुंतवणूक म्हणून यात पडणाऱ्याने तुरीच्या भावाचा अभ्यास केलेला बरा. बाजार नाही म्हणूनच इथे खोट्या सह्याही कमी आहेत.

घाई मात्र दुसऱ्या कारणाने आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. त्या संघातले पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी दोघेही २०२० मध्ये गेले. मुंबईत टाटांकडून खेळलेले गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँको मे २०२१ मध्ये, आणि १९५६ व १९६० अशा दोन ऑलिंपिकांत गेलेले मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. तुलसीदास बलराम २०२३ मध्ये. तेव्हा यादी करायला बसाल तर आवडीचा क्रम लावू नका. वयाने सर्वांत मोठ्या खेळाडूचं नाव वर लिहा आणि पहिलं पाकीट त्यालाच टाका.